उजेड मोजायलाच हवा

फिल्मचे कॅमेरे पुन्हा लोकांच्या हातात दिसू लागले, याचा मला मनापासून आनंद आहे. आजोबांच्या कपाटातला याशिका बाहेर निघतो, मुंबईच्या बोरा बाजारात जुन्या निकॉनला गिऱ्हाईक मिळतं, विशीतली मुलं काळ्या पिशवीत हात घालून रोल स्पूलवर चढवायला शिकतात. पण याच मुलांना पहिल्या दिवशी एक सल्ला ऐकवला जातो, आणि तो इतक्या ठामपणे की त्यावर शंका घेण्याचं धाडस कुणी करत नाही. हातातल्या लाइट मीटरवर पैसे घालवू नकोस, असा तो सल्ला. मोबाइलवर ॲप आहे, ते पुरतं. ते नसेल तर ‘सनी सिक्स्टीन’ पाठ कर. कॅमेऱ्यात मीटर असेल तर प्रश्नच मिटला. चुकलंच काही तर निगेटिव्ह फिल्म ते पोटात घालते आणि उरलेलं स्कॅनिंगमध्ये सावरता येतं. शेवटी ठरलेलं वाक्य येतं: खऱ्या फोटोग्राफरला उजेड डोळ्यांनीच कळतो.

हा सल्ला नुकसान करणारा आहे. देणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण रोल वाया जातात ते शिकणाऱ्याचे. त्याहून वाईट म्हणजे ते का वाया गेले हे त्याला कधीच कळत नाही. निगेटिव्ह पातळ आली तर तो लॅबला दोष देतो, जुन्या कॅमेऱ्याला देतो, स्वतःच्या नशिबाला देतो. आपण उजेड मोजलाच नव्हता हे त्याच्या मनात येत नाही, कारण मोजायची गरज नाही असंच त्याला शिकवलेलं असतं.

डोळ्यांनी उजेड कळतो, या दाव्यापासून सुरुवात करू, कारण बाकीच्या सगळ्या दाव्यांना बळ मिळतं ते यातूनच. भर दुपारी उन्हात ८०,००० लक्सच्या आसपास उजेड असतो. रात्री दिव्याखाली जेवायला बसतो तिथे तो ८० लक्स असला तरी ताटातलं सगळं नीट दिसतं. या दोहोंत हजारपट अंतर आहे, म्हणजे दहा स्टॉप; एका स्टॉपला उजेड दुप्पट किंवा निम्मा होतो. डोळ्याची बाहुली २ मिलिमीटरपासून फार तर ८ मिलिमीटरपर्यंत उघडते, त्यातून चार स्टॉपच भरून निघतात. बाकीचं सगळं डोळ्याच्या आतला पडदा आपल्या नकळत सांभाळून घेतो. अंगणातून माजघरात आल्यावर थोड्याच वेळात आपण पेपर वाचू लागतो, तो याच सांभाळण्यामुळे. फरक जाणवू न देणं हेच ज्या अवयवाचं काम, त्याच्याकडून फरकाचं माप कसं मिळणार? सूर्यावरून ढग सरकतो, संध्याकाळ उतरत जाते, ओसरीवरून आपण दोन पावलं आत सरकतो. यातल्या प्रत्येक वेळी एक-दोन स्टॉप निघून जातात आणि डोळा ब्रही काढत नाही.

मग अनुभवी माणसांचे अंदाज बरोबर कसे येतात? ते येतात, हे खरं आहे. पण ज्यांचे येतात त्यांनी आधी वर्षानुवर्षं मोजलेलं असतं. कुठल्या खिडकीशी, कोणत्या वेळी, किती उजेड असतो याचे आकडे त्यांच्या डोक्यात बसलेले असतात. ते डोळ्यांनी मोजत नाहीत, पूर्वी मोजलेलं आठवतात.

मीटरविरोधी मंडळी या ठिकाणी अमेरिकी छायाचित्रकार अ‍ॅन्सल अ‍ॅडम्सचं ‘मूनराइज’ हे छायाचित्र पुढे करतात, म्हणून त्याची हकिकत नीट सांगितली पाहिजे. १९४१ साली न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावाजवळून जाताना अ‍ॅडम्सला उगवलेला चंद्र आणि दफनभूमीतल्या क्रूसांवर पडलेलं शेवटचं ऊन दिसलं. घाईत वेस्टन मीटर सापडेना. ऊन जायला काही क्षणच उरलेले. त्याने फोटो मीटरविना घेतला, आणि गोष्ट सांगणारे इथेच थांबतात. पुढची गोष्ट अशी आहे: चंद्राची उजळता दर चौरस फुटाला २५० कँडल असते, हा आकडा त्याला ठाऊक होता. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांना क्रमांक देणाऱ्या त्याच्याच झोन पद्धतीनुसार त्याने चंद्र सातव्या, म्हणजे उजळ, झोनवर ठेवला, त्यावरून ६४ वेगाच्या फिल्मसाठी हिशेब केला, फिल्टरची तिप्पट धरली आणि एफ ३२ वर एक सेकंद दिला. याला डोळ्यांचा अंदाज कोण म्हणेल? हे मोजमापच होतं, मीटरऐवजी स्मरणातून घेतलेलं. आणि जे त्याला मोजता आलं नाही त्याचं काय झालं? पुढच्या जमिनीचा उजेड त्याला कळू शकला नाही. निगेटिव्हचा तो भाग इतका पातळ आला की काही वर्षांनी त्याला तेवढ्या भागावर रसायनांची प्रक्रिया करून तो दाट करावा लागला. तरीही ती निगेटिव्ह छापायला अवघडच राहिली. ज्या फोटोचा दाखला मीटर नको म्हणून दिला जातो, त्याच्या निगेटिव्हमध्ये मीटर नसल्याची किंमत आजही दिसते.

‘सनी सिक्स्टीन’चा नियम खोटा नाही. सूर्य बऱ्यापैकी वर असावा, आकाश स्वच्छ असावं, उजेड वस्तूच्या समोरून पडावा. मग एफ १६ आणि फिल्मच्या आयएसओइतकं शटर ठेवलं की एक्स्पोजर बरोबर येतं. पण असा उजेड किती फोटोंत असतो? आपण कॅमेरा घेऊन जातो ते सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर. फोटो घेतो ओसरीवर, वडाखाली, देवळाच्या सभामंडपात, निळ्या ताडपत्रीखालच्या बाजारात. कोकणात आणि घाटावर वर्षाचे चार महिने तर सूर्य वर कुठे आहे हेच कळत नाही. नियमाचं कोष्टक म्हणतं, सावलीत एफ ४ ठेवा. कुठल्या सावलीत? मोकळ्या मैदानातल्या झाडाखाली अर्धं आकाश उजेड देत असतं. पुण्यातल्या जुन्या पेठेच्या बोळात दोन वाड्यांमधून आकाशाची एक पट्टी दिसते. दोन्हींना आपण सावलीच म्हणतो, आणि दोहोंत सहज दोन-तीन स्टॉपचा फरक असतो.

आपल्या आजोबांनी मीटरशिवायच फोटो काढले, असंही सांगितलं जातं. काढले. घरोघरी असलेल्या आग्फा क्लिकवर ऊन आणि ढग एवढीच निवड होती. म्हणूनच तर सगळं कुटुंब उन्हात, डोळे बारीक करून, भिंतीपुढे उभं केलेलं दिसतं! घरातले, स्वयंपाकघरातले, संध्याकाळचे फोटो त्या अल्बमांत का नाहीत, हा प्रश्न कुणी विचारत नाही. उजेड मोजता येत नव्हता आणि कॅमेऱ्यात बदलायला फारसं काही नव्हतं, म्हणून आयुष्याचा तेवढा भाग फोटोत आलाच नाही. आणखी मागे जायचं तर फिल्मच्या वेगाचा इतिहास पाहावा लागतो. १९६० पर्यंत अमेरिकी मानकात फिल्मचा वेग मुद्दाम कमी सांगितला जाई, म्हणजे चुकीसाठी जवळपास एक पूर्ण स्टॉप राखून ठेवलेला असे. त्या वर्षी मानक बदललं आणि फिल्मच्या रसायनात काहीही न बदलता डब्यावरचे आकडे दुप्पट झाले. राखीव स्टॉप काढून टाकणं शक्य झालं, कारण तोवर लोक मीटर वापरू लागले होते. आजच्या डब्यावरचा आयएसओ मोजणाऱ्या माणसासाठी लिहिलेला आहे. तो आकडा घेऊन आजोबांसारखा अंदाज करणं म्हणजे त्यांना मिळालेली सूट आपल्यालाही आहे असं धरून चालणं.

यातूनच पुढचा दावा निघतो: निगेटिव्ह फिल्म माफ करते. काय माफ करते? उजेड जास्त झाला तर बऱ्याच निगेटिव्ह दोन स्टॉपपर्यंत सांभाळून घेतात, हे खरं. पण अंडर गेलेला फोटो फिल्म सांभाळत नाही. सावलीतल्या भागाला ठरावीक किमान उजेड मिळाला नाही तर तिथे प्रतिमा तयारच होत नाही. फिल्म धुतल्यावर उरतो तो नुसता पारदर्शक पाया. जे फिल्मवर उमटलंच नाही ते स्कॅनर कुठून आणणार? तो करड्या चिखलासारखा गढूळपणा वर खेचतो, त्यात दाणे दिसतात आणि आपण त्याला फिल्मचा खास लूक म्हणून मिरवतो. फिल्मवर प्रेम करणाऱ्यांनी तरी हे करू नये. दाट, सावल्या भरलेली निगेटिव्ह डार्करूममध्ये किती सहज छापली जाते हे ज्याने पाहिलं आहे, तो अशा फोटोला लूक म्हणणार नाही. आणि स्लाइड फिल्म? एक्टाक्रोम २०१८ मध्ये पुन्हा बाजारात आली, वेल्वियाचे चाहते आजही आहेत. तिथे अर्धा स्टॉप चुकला तरी फोटो हातचा जातो. तिथे हा माफीचा सिद्धांत कुणीच मांडत नाही, कारण मांडणाऱ्यांनी स्लाइड वापरायचंच सोडून दिलेलं असतं.

“मग सरसकट एक स्टॉप जास्त दे,” असा तोडगा सुचवतात. कशापेक्षा जास्त? मूळ आकडाच अंदाजाचा असेल तर त्यात एक मिळवून तो खरा होत नाही.

आता कॅमेऱ्यातल्या मीटरकडे येतो. इथेच हातातल्या मीटरचं खरं मोल आहे. कॅमेऱ्यातला मीटर वस्तूवरून परत येणारा उजेड मोजतो. समोर काय आहे हे त्याला ठाऊक नसतं. जे आहे ते मधल्या करड्या छटेचं आहे असं तो धरून चालतो. पांढरं समोर आलं तर त्याला वाटतं उजेड फार आहे, आणि तो कमी करतो. काळं समोर आलं तर वाढवतो. मध्यम करडा पृष्ठभाग साधारण १८ टक्के उजेड परत पाठवतो, स्वच्छ पांढरं कापड ८०-९० टक्के. फरक दोन स्टॉपांहून जास्त. हेमाडपंती देवळाच्या काळ्या दगडाच्या बाबतीत हीच चूक उलट्या दिशेने होते.

आषाढातली वारी घ्या. दरवर्षी कितीतरी जण फिल्मचा कॅमेरा घेऊन पालखीबरोबर चालतात. समोर पांढरी धोतरं, पांढरे सदरे, पांढऱ्या टोप्या. वर ढगाळ, पण डोळ्यांना खुपणारं उजळ आकाश. आणि या पांढऱ्याच्या मध्ये उन्हाने रापलेले सावळे चेहरे. कॅमेऱ्यातला मीटर कपडे आणि आकाश पाहून उजेड कापतो, आणि ज्यांच्यासाठी फोटो घेतला ते चेहरे काळोखात जातात. आकाश सुंदर येतं, सदऱ्याच्या चुण्या दिसतात आणि वारकऱ्याचे डोळे दिसत नाहीत. आपल्या फोटोंत असे हजारो चेहरे हरवलेले आहेत, आणि हे मला खरोखर बोचतं. चेहऱ्यावर रीडिंग घेऊन एक स्टॉप उघडा, असा एक उपाय पुस्तकांत असतो. तो गोऱ्या कातडीसाठी लिहिलेला आहे, कारण गोरी कातडी मधल्या करड्याहून एक स्टॉप उजळ असते. आपल्याकडच्या चेहऱ्यांना तो लावला तर चूक वाढते. रंगीत छपाई जुळवण्यासाठी कोडॅक लॅबना जी नमुना-कार्डं पाठवत असे, त्यांवरही दशकानुदशकं गोऱ्या बाईचाच चेहरा होता. आपल्या माणसांसाठी हिशेब कुणी आयता करून ठेवलेला नाही.

हातात धरायचा इन्सिडंट मीटर कातडीचा रंग विचारत नाही, कपड्याचाही नाही. त्याच्यावर अर्धगोल पांढरा घुमट असतो. माणसाच्या चेहऱ्याशी मीटर धरायचा, घुमट कॅमेऱ्याकडे वळवायचा आणि बटण दाबायचं. माणसावर पडणारा उजेड मोजला जातो. तो पांढऱ्या सदऱ्यावर पडला काय आणि काळ्या घोंगडीवर पडला काय, तेवढाच असतो. पांढरं पांढरं येतं, सावळं सावळं येतं. घुमटाची ही कल्पना डॉन नॉरवुड या अमेरिकी माणसाची. त्याच्या ‘नॉरवुड डायरेक्टर’ मीटरचा वारसा पुढे जपानच्या सेकोनिकने चालवला, आणि त्याच घडणीचा एल-३९८ आजही वापरात आहे. घुमट गोल आहे त्यालाही कारण आहे. समोरचा, बाजूचा, वरचा उजेड माणसाच्या चेहऱ्यावर जसा वाटला जातो तसाच तो घुमटावर पडतो. ऐंशी वर्षांपूर्वी इतक्या विचाराने बनवलेली ही वस्तू आज अनावश्यक कशी ठरली?

मोबाइल ॲपमुळे, असं उत्तर मिळतं. मग ॲप काय करतं ते पाहू. ते फोनच्या कॅमेऱ्यातून परत येणारा उजेड वाचतं, म्हणजे कॅमेऱ्यातल्या मीटरची सगळी खोट त्यात असतेच. त्यावर फोनची लेन्स खूप रुंद. आकाशाचा तुकडा जरासा जास्त आत आला की रीडिंग दीड-दोन स्टॉप हलतं. काही ॲपमध्ये इन्सिडंटची सोय असते, पण ती ज्या सेन्सरवर चालते तो स्क्रीनची उजळता कमीजास्त करायला बसवलेला आहे. त्यावर घुमट नाही, बाजूने येणारा उजेड तो प्रमाणात धरत नाही, आणि दोन फोनांचे आकडे जुळतील याची हमी कुणीच देत नाही. आणि फ्लॅश? स्टुडिओतला फ्लॅश सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास चमकून विझतो. तो फोनला पकडता येत नाही. फ्लॅश मीटर तो मोजतो, शिवाय मुख्य दिवा आणि भरणीचा दिवा यांच्यातलं प्रमाणही सांगतो. जवळ काहीच नसताना ॲप बरं, एवढं मी मान्य करतो. त्यापुढे एक पाऊलही नाही.

जुन्या कॅमेऱ्याचं शटरच अर्धा स्टॉप चुकत असेल तर मीटरच्या काटेकोरपणाचा उपयोग काय, असंही विचारतात. उपयोग हाच की शटर चुकतंय हे तुम्हाला कळेल. उजेड मोजलेला असेल आणि तरी सगळा रोल सारखाच दाट येत असेल तर शटर संथ आहे, हे एका रोलमध्ये उघड होतं. मग पुढच्या रोलपासून तेवढं वजा करता येतं. उजेडही अंदाजाचा आणि शटरही अंदाजाचं असेल तर दोष कुणाचा हे दहा रोल घालवूनही कळणार नाही.

पैशांचं म्हणाल तर चांगल्या रंगीत रोलची किंमत आज चार आकडी झाली आहे, धुणं आणि स्कॅनिंग वेगळं. १२०च्या रोलवर सिक्स बाय सिक्समध्ये बारा फोटो येतात. त्यांतले चार अंडर गेले तर किती पैसे गेले, हा हिशेब सल्ला देणारे करत नाहीत. तेच लोक लेन्सवर, चामडी पट्ट्यावर, दुसऱ्या बॉडीवर खर्च करताना मागेपुढे पाहत नाहीत. जुना चालू मीटर काही रोलांच्या खर्चात मिळतो. तो निवडताना मात्र डोळे उघडे हवेत. वेस्टन मास्टरसारख्या सेलेनियमच्या मीटरला बॅटरी लागत नाही, पण मंद उजेडात तो कमकुवत असतो आणि जुना सेल मेलेला असू शकतो. म्हणून दुकानातच ऊन, सावली आणि आतला दिवा अशा तीन ठिकाणी तो भरवशाच्या मीटरशेजारी धरून पाहायचा. एकाच ठिकाणी जुळून भागत नाही. गॉसनचा लुनासिक्स मंद उजेडात फार चांगला. पण तो १.३५ व्होल्टच्या पारा-बॅटरीसाठी बनवलेला आहे, आणि ती आता बनत नाही. त्यात तशीच १.५ व्होल्टची बॅटरी टाकली तर आकडे चुकतात. त्यासाठी व्होल्टेज उतरवणारा अडॅप्टर लागतो. शिवाय लुनासिक्ससारख्या कॅडमियम सल्फाइडच्या मीटरना प्रखर उजेडानंतर सावरायला थोडा वेळ द्यावा लागतो. नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी सिलिकॉन सेलचा छोटा मीटर घ्यायला सांगेन. सेकोनिकच्या एल-३०८ मालिकेतले मीटर एका साध्या पेन्सिल सेलवर चालतात आणि फ्लॅशही मोजतात. माणसांचे फोटो काढणाऱ्याला त्याहून जास्त काही लागत नाही.

दूरच्या लहानशा भागाचा उजेड मोजणारा स्पॉट मीटर कधी घ्यावा? जिथे चालत जाऊन मीटर धरता येत नाही तिथे. राजमाचीवर तुम्ही उन्हात उभे आहात आणि समोरची दरी ढगाच्या सावलीत आहे. तुमच्या हातातला इन्सिडंट मीटर तुमच्यावरचा उजेड सांगेल, दरीवरचा नाही. पेंटॅक्सचा एक अंशाचा स्पॉट मीटर दरीतल्या झाडीवर रोखता येतो, कड्यावरच्या उन्हावर रोखता येतो. पण कुठली छटा कुठे ठेवायची हे ठरवणारा माणूस त्यामागे लागतो. ठरवता येत नसेल तर स्पॉट मीटरने चूक अधिक बारीक होते, इतकंच.

मीटरमुळे उत्स्फूर्तपणा जातो, ही तक्रार मला सगळ्यांत कमी पटते. रस्त्यावर आल्याबरोबर एकदा उन्हात आणि एकदा सावलीत रीडिंग घ्यायला अर्धा मिनिट लागतो. दोन आकडे डोक्यात ठेवले की उजेड पालटेपर्यंत मीटर खिशात राहू शकतो, कॅमेऱ्याची सुई सारखी बघावी लागत नाही. मग नजर मोकळी होते, हात मोकळा होतो. सिनेमाच्या सेटवर छायाचित्रकाराच्या गळ्यात मीटर असतो, पुण्याच्या एफटीआयआयमध्ये कॅमेरा शिकणाऱ्यांच्या पिढ्या तो हातात धरून तयार झाल्या. दुपारी घेतलेला शॉट आणि चार तासांनी घेतलेला त्याच प्रसंगाचा दुसरा शॉट पडद्यावर जुळायचा असेल तर माप लागतंच, हे तिथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. शिंप्याच्या गळ्यातली टेप पाहून त्याला नवशिका कोण म्हणतं? फोटोग्राफरच्या हातातल्या मीटरला मात्र आपण कमीपणा चिकटवून टाकला आहे.

म्हणून फिल्मच्या कार्यशाळा घेणाऱ्यांना, लॅबच्या काउंटरवरून नव्या मुलांना सल्ला देणाऱ्यांना माझी मागणी आहे. ‘मीटर नको’ हे सांगणं बंद करा. मुलाला कॅमेरा देण्याआधी मीटर द्या. त्याला एखाद्या घरातून फिरवा; दारात, खिडकीशी, कोनाड्यात, जिन्याखाली रीडिंग घेऊन आकडे वहीत लिहायला लावा. मग माणूस समोर बसवा, मीटर त्याच्या गालापाशी न्यायला सांगा, चेहऱ्याच्या दोन बाजूंमध्ये किती स्टॉपचा फरक आहे तो वाचायला लावा. रोल त्यानंतर भरा.